पत्रादेवी नाक्यावरची रांग: एका सीमेचा प्रकरण अभ्यास

राष्ट्रीय महामार्ग ६६ सिंधुदुर्गातून बांद्यावरून खाली येतो आणि पत्रादेवीला गोव्यात शिरतो. झाराप-पत्रादेवी बायपासमुळे सावंतवाडी शहरात शिरावं लागत नाही आणि नाका ओलांडला की धारगळ, कोलवाळ, म्हापसा असा चौपदरी रस्ता आहे. तरीही डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सलग सुट्ट्या किंवा चतुर्थीआधीचे दोन दिवस आले की पत्रादेवीला गाड्या खोळंबतात. रुंदीकरणाने ही रांग गेली नाही, कारण ती रस्ता अरुंद असल्यामुळे लागतच नव्हती. ती लागते ती विचारपुशीमुळे. प्रत्येक गाडीला तिथेच थांबवून, तिथेच प्रश्न विचारून, तिथेच कागद बघून सोडायचं, ही नाक्याची पद्धत आहे, आणि गर्दीच्या दिवशी ती पुरी पडत नाही.

म्हणून इथे वर्षअखेरच्या एका संध्याकाळची, गोव्यात शिरणाऱ्या बाजूची रांग अभ्यासासाठी घेतली आहे. ‘स्मार्ट’ यंत्रणा बसवू म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा कॅमेरे आणि पडदे डोळ्यांसमोर येतात. रांगेत कोण उभं आहे आणि त्याला का उभं केलं आहे, हे त्याआधी बघायला हवं.

रांगेत कोण उभं असतं

पुढे मुंबई-पुण्याहून आलेल्या पर्यटकांच्या गाड्या. काही स्वतःच्या, काही टूरिस्ट परमिटच्या. त्यांच्यामागे रत्नागिरी-मालवणकडची मासळीची इन्सुलेटेड गाडी, जिला मडगावच्या घाऊक बाजारात वेळेवर पोचायचं आहे. तिच्यामागे चिरे किंवा खडी भरलेला डंपर, ताडपत्री अर्धवट ओढलेली. गोव्याच्या कदंब महामंडळाची आणि महाराष्ट्राच्या एसटीची एकेक बस, दोन्ही प्रवाशांनी भरलेल्या. गाड्यांच्या मधून वाट काढत दुचाकीवरची मुलं. ती बांदा, सातार्डा, दोडामार्ग, सावंतवाडी परिसरातली. गोव्यात हॉटेलात, औद्योगिक वसाहतीत, मोपाच्या विमानतळावर कामाला जाणारी. रोजची. याच रांगेत मोपाचं विमान पकडायला निघालेलं एखादं कुडाळचं कुटुंबही असतं. मोपाचा हा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गातली बरीच माणसं विमानासाठीही हा नाका ओलांडतात.

आणि रुग्णवाहिका. सिंधुदुर्गातल्या गंभीर रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवणं हे त्या जिल्ह्यात नेहमीचं आहे. हृदयविकाराचा झटका, डोक्याला मार, अडलेलं बाळंतपण, कारण काहीही असो, सावंतवाडीहून बांबोळीला जायची सरळ वाट पत्रादेवीवरून जाते. सायरन ऐकल्यावर लोक बाजू देतात, शिपाईही हात करतो. पण दोन्ही बाजूंना गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असल्या की बाजू द्यायला जागाच उरत नाही. पाठीमागच्या काचेतून नातेवाईक बाहेर बघत असतो, आत सलाइनची बाटली हलत असते आणि पुढचा पर्यटक गाडीची कागदपत्रं शोधत असतो. हे चित्र बदलण्यासाठी एवढा खटाटोप करायचा आहे. बाकीचे फायदे त्यानंतरचे.

आता या प्रत्येकाला विचारायचं काय असतं ते बघा. पर्यटक गाडीचा विमा आणि पीयूसी, टूरिस्ट गाडीचं परमिट आणि कर, डंपरचं वजन आणि गौण खनिजाचा (म्हणजे खडी-चिऱ्यांचा) वाहतूक परवाना, मासळीच्या गाडीची नोंदणी आणि तिच्यातल्या मासळीची अवस्था. कामावर जाणाऱ्या मुलाला बहुतेक काहीच नाही. रुग्णवाहिकेला तर काहीच नाही. प्रश्न सगळ्यांचे वेगळे, पण थांबायची जागा एकच. पोलीस, अबकारी आणि वाहतूक खातं, तिघांचं काम याच पट्ट्यात चालतं. शिवाय काही किलोमीटर अलीकडे, इन्सुली-बांदा परिसरात, महाराष्ट्राच्या बाजूची तपासणी असते. एकाच मालगाडीला त्याच संध्याकाळी जवळपास तेच प्रश्न दोन राज्यं विचारू शकतात.

नाका कशासाठी होता आणि काय उरलं

पत्रादेवी १९६१ पर्यंत खरीखुरी आंतरराष्ट्रीय सीमा होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी इथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. कर्नैलसिंग बेनीपाल यांना इथेच हौतात्म्य आलं, आणि हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देतं. गोवा मुक्त झाल्यावर सीमा गेली, नाका मात्र राहिला, कारण विक्रीकर, अबकारी आणि मोटार वाहन कर राज्याराज्याचे वेगळे होते.

त्यातला सर्वांत मोठा भाग १ जुलै २०१७ ला गेला. जीएसटी आला आणि देशभरातले विक्रीकर नाके बंद झाले. आंतरराज्य मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल सक्तीचं झालं. माल पन्नास हजार रुपयांच्या वरचा असेल तर गाडी निघण्याआधीच नोंद होते आणि बिलाची मुदत अंतरावर ठरते, सध्या दर २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे मालाच्या कागदासाठी ट्रक अडवायचं कारण तेव्हाच संपलं.

पण नव्या कारणांनी नाका पुन्हा भरत गेला. २०१८ मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे विषारी रसायन वापरल्याच्या संशयाचं प्रकरण गाजलं. गोव्याने बाहेरून येणाऱ्या मासळीवर निर्बंध घातले, इन्सुलेटेड गाड्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी सक्तीची केली, आणि सीमेवरून मासळीच्या गाड्या परत जाऊ लागल्या. मागणी रास्त होती. लोकांच्या ताटात विष नको, यावर दुमत असायचं कारण नाही. पण ती तपासायची जागा महामार्गावरचा नाका ठरला. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशाने राज्यात येणाऱ्यांना निगेटिव्ह प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तेही एकेकाच्या मोबाइलच्या पडद्यात डोकावून बघायचं. रोज ये-जा करणाऱ्या सिंधुदुर्गातल्या कामगारांचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. त्याआधी २०१३ मध्ये गोव्याने बाहेरच्या वाहनांवर प्रवेशकर लावला तेव्हाही याच भागात आंदोलनं झाली होती. दर वेळी नियम वेगळा होता आणि तो राबवायची तऱ्हा एकच: गाडी थांबवा, काच खाली घ्या, दाखवा.

दहा सेकंदांची किंमत

रांगांचं गणित नवखं नाही, पण आपल्याकडे नाक्यांची चर्चा करताना ते कुणी मांडत नाही. समजा एका तपासणी जागेवर एका गाडीला सरासरी ६० सेकंद लागतात, म्हणजे तासाला ६० गाड्या सुटू शकतात. आणि समजा तासाला सरासरी ५७ गाड्या येतात. वरवर पाहता हिशेब बसतो, येणाऱ्यांपेक्षा सुटणाऱ्या जास्त. पण गाड्या मोजून-मापून दर मिनिटाला एक अशा येत नाहीत. कधी पाच एकदम, कधी एकही नाही. कुणाला दहा सेकंद पुरतात, कुणाला पाच मिनिटं लागतात. अशा अनियमित रांगेच्या नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर सरासरी थांबणं १९ मिनिटांचं येतं.

आता त्याच जागी तपासणी ६० ऐवजी ५० सेकंदांत झाली, तर? तासाला ७२ गाड्या सुटतात आणि थांबणं साधारण तीन मिनिटांवर येतं. माणूस वाढवला नाही, मार्गिका वाढवली नाही. दर गाडीमागे फक्त दहा सेकंद वाचवले. आणि उलट बाजू अशी की येणाऱ्या गाड्या ५७ वरून ६१ झाल्या आणि वेळ ६० सेकंदच राहिला, तर रांग गर्दी ओसरेपर्यंत वाढतच राहते. सुट्टीच्या संध्याकाळी पत्रादेवीला नेमकं हेच होतं. क्षमतेच्या काठावर चालणारा नाका चार जादा गाड्यांनी कोसळतो.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. प्रत्येक गाडीमागचे थोडे सेकंद कमी करणं फार मोलाचं आहे. आणि पाच मिनिटं खाणारी गाडी मुख्य रांगेतून ताबडतोब बाजूला नेणं त्याहूनही मोलाचं आहे, कारण तिच्या पाच मिनिटांची भरपाई तिच्यामागचे सगळे करतात. दुसऱ्या गोष्टीसाठी तंत्रज्ञान लागतच नाही. बाजूला पक्की, उजेडाची, पावसात चिखल न होणारी जागा लागते. ती नसताना कॅमेरे बसवले तर कॅमेरा एका क्षणात संशयित गाडी ओळखेल आणि तिला उभी करायला परत मुख्य रस्ताच वापरावा लागेल.

गाडी यायच्या आधीच जे माहीत असतं

अधिकारी नाक्यावर विचारतो त्यातलं बरंच सरकारला आधीच ठाऊक असतं. गाडीचा विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट, थकलेला कर, हे सगळं ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदवहीत नंबरावरून दिसतं. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहेत. टूरिस्ट गाड्यांचं अखिल भारतीय परमिट २०२१ च्या नियमांपासून ऑनलाइन निघतं आणि शुल्क एकदाच भरलं जातं. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांना सीमेवरचा कर परिवहनच्या संकेतस्थळावर आधीच भरता येतो. ई-वे बिलाची जोड २०२१ च्या सुरुवातीपासून फास्टॅगशी आहे, त्यामुळे टोलनाका ओलांडणाऱ्या मालगाडीची माहिती कर अधिकाऱ्याला जागच्या जागी मिळू शकते.

फास्टॅग हे मुळात काचेवर चिकटवलेलं, बॅटरी नसलेलं रेडिओ लेबल आहे. वाचक यंत्राच्या लहरींवरच ते जागं होतं आणि स्वतःचा क्रमांक परत पाठवतं. आपण त्याला टोलशी जोडून टाकलं आहे, पण पैसे न कापता फक्त ‘ही गाडी इथून गेली’ एवढी नोंद घ्यायलाही तेच लेबल पुरतं. त्याच्या जोडीला नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट असल्याने अक्षरांचा साचा एकसारखा आहे आणि वाचन सोपं झालं आहे. या दोहोंची उत्तरं जुळली तर गाडीची ओळख पक्की. जुळली नाहीत तर तीच गाडी बाजूला घ्यावी, कारण लेबल एका गाडीचं आणि नंबर दुसऱ्या गाडीचा, ही स्वतःच चौकशीची बाब आहे.

मालगाड्यांसाठी तिसरं साधन म्हणजे चालत्या गाडीचं वजन. रस्त्यात बसवलेल्या संवेदकांवरून चाक गेलं की प्रत्येक आसावरचा भार कळतो. त्याची अचूकता स्थिर वजनकाट्याएवढी नसते, म्हणून त्यावर थेट दंड करू नये. त्याचा उपयोग चाळणीसाठी. ज्याचं वजन मर्यादेत दिसतं तो डंपर जाऊ दे, ज्याचं जास्त दिसतं तो काट्यावर ने. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड आहे, त्यामुळे नेम चुकता कामा नये. पण आज जेव्हा डंपर अंदाजाने थांबवले जातात, तेव्हा मोकळेही थांबतात आणि भरलेलेही निसटतात.

इतरांनी काय केलं

एस्टोनियाने रशियाच्या सीमेवरच्या नार्वासारख्या नाक्यांवर २०११ मध्ये आगाऊ वेळ ठरवून घ्यायची पद्धत आणली. चालक इंटरनेटवर किंवा फोनवर वेळ घेतो, गाव सोडून बाहेरच्या वाहनतळावर थांबतो आणि पाळी आली की सीमेवर जातो. आपल्या देशात पेट्रापोलला, बांगलादेशच्या सीमेवर, निर्यातीचे ट्रक बनगावच्या आसपास आठवडेच्या आठवडे पडून असायचे. पश्चिम बंगाल सरकारने २०२२ मध्ये ‘सुविधा’ नावाची वेळ-नोंदणी सुरू केली. दोन्हीकडे रांग नाहीशी झाली असं नाही. ती रस्त्यावरून उठून यादीत गेली आणि कुणाची पाळी कधी हे चालकाला कळू लागलं.

पत्रादेवीला सरसकट वेळ-नोंदणी मी सुचवणार नाही. ही देशाची सीमा नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला भारतीय नागरिकाने वेळ मागावी हे तत्त्वतःच चूक आहे. मासळी, खडी, मद्य अशा ज्या मोजक्या मालाला तपासणी लागतेच, त्यांच्यापुरतीच ती चालेल. मासळीच्या गाडीला तर तिचा उपयोगच होईल. बर्फ किती टिकेल याचा हिशेब चालक निघतानाच करतो आणि त्यात नाक्यावरची अनिश्चित घटिका कुठेच बसत नाही.

अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम टोकाच्या सीमेवर वेगळा विचार झाला. तिथे शेजारी-शेजारी दोन नाके आहेत, पीस आर्च आणि पॅसिफिक हायवे. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यांवरून गाड्या मोजल्या जातात, थांबायच्या वेळेचा अंदाज निघतो आणि तो बराच अलीकडे, जिथून वाट बदलता येते अशा ठिकाणी फलकावर दिसतो. पीस आर्चला रांगेत एक सिग्नलही आहे. लाल असताना गाड्यांनी इंजिन बंद करून थांबायचं, हिरवा झाला की सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचं. मिनिटामिनिटाला गाडी एक वाव पुढे घेत इंधन जाळायची गरज उरत नाही. हा उपाय आपल्या हवेत, एसी लावून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, किती पाळला जाईल याची मला शंका आहे. फलकाचा धडा मात्र थेट घेण्यासारखा आहे.

पत्रादेवीत हे कसं बसेल

समजा, गोव्यात येणाऱ्या गाडीला नाका दिसायच्या बराच आधी, बायपासवर, एक कमान लागते. तिच्यावर फास्टॅग वाचक आणि कॅमेरा. गाडी आपल्या वेगाने खालून जाते. पुढच्या काही मिनिटांच्या वाटेत नोंदवही तपासली जाते आणि निर्णय होतो: जाऊ दे, बाजूला घे, किंवा ओळख पटली नाही. नाक्याच्या थोडं अलीकडे फलक. डावीकडची मार्गिका मालगाड्यांना, मधली सगळ्यांना, उजवीकडची कडेची मार्गिका रुग्णवाहिका आणि बसला. बहुसंख्य खासगी गाड्यांना वेग कमी करून, न थांबता, पुढे जाता यायला हवं. अधिकाऱ्याच्या हातात टॅब असेल आणि त्यावर फक्त बाजूला घ्यायच्या गाड्या दिसतील. आज त्याला प्रत्येक गाडीकडे बघून ठरवावं लागतं. मग तो ठरलेल्या गाड्यांकडे नीट बघू शकेल.

रुग्णवाहिकेची व्यवस्था कॅमेऱ्यावर सोडू नये. सावंतवाडी किंवा कुडाळहून रुग्ण हलवायचं ठरलं की १०८ रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षातून नाक्याला आधीच सूचना जावी आणि गाडीचं जीपीएस नाक्यावरच्या पडद्यावर दिसावं. गाडी बांद्याला पोचली की कडेची मार्गिका रिकामी करायला पुरेसा वेळ मिळतो. या मार्गिकेला रंग आणि पट्टा पुरणार नाही, भक्कम दुभाजक लागेल. पट्टा मारलेली मोकळी मार्गिका गर्दीच्या दिवशी पाच मिनिटं मोकळी राहत नाही.

रोजच्या दुचाकीस्वारांचा प्रश्न फास्टॅगने सुटत नाही, कारण दुचाकीला फास्टॅग नसतोच. नाक्यांवरच्या तंत्रज्ञानाच्या बहुतेक आराखड्यांत ही मुलं गणतीतच नसतात. त्यांच्यासाठी वेगळी अरुंद वाट आणि तिथे कायमस्वरूपी थांबा नसणं एवढं पुरतं. साथीच्या दिवसांसारखी वेळ पुन्हा आली तर ऐच्छिक सीमापास असावा: गावच्या पंचायतीतून एकदा नोंद, मग नंबरप्लेटवर ओळख. ऐच्छिक हा शब्द महत्त्वाचा. कामावर जायला नाव नोंदवणं ही अट होऊ नये.

मासळीची तपासणी अर्धी नाक्यावर, अर्धी बाजारात वाटावी. नोंदणी आहे का आणि पेटी इन्सुलेटेड आहे का, हे गाडी कमानीखालून जातानाच कळू शकतं. पेटीत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असेल तर तेही. फॉर्मेलिन मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही, त्याला नमुना घ्यावा लागतो. तो घ्यायची योग्य जागा घाऊक बाजार आहे, जिथे पेटी तशीही उघडते. महामार्गावर पेटी उघडली की थंडावा जातो आणि ज्याची तपासणी करायची तीच मासळी तपासणीने खराब होते.

मद्याच्या बाबतीत मला तंत्रज्ञानाकडून फार अपेक्षा नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. गोव्यातून महाराष्ट्रात जाणाऱ्या बाजूला राज्य उत्पादन शुल्काची तपासणी असते, कारण गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेणं गुन्हा आहे. डिकीत काय आहे हे नंबरप्लेट सांगत नाही. तिथे माणसाची नजर, खबर आणि आधीच्या नोंदी याच उपयोगी पडतात. यंत्रणेने एवढंच करावं की बाकीच्या गाड्या लवकर सोडून त्या माणसाला वेळ द्यावा, आणि डिकी उघडायची ती बाजूच्या जागेत.

शेवटचं साधन फलक. झारापला, जिथून सावंतवाडी वेगळी होते, आणि गोव्याच्या बाजूला धारगळला, पत्रादेवीला सध्या किती मिनिटं लागतील हे दिसावं. ते मोजणं अवघड नाही. एकच गाडी मागच्या कमानीखालून कधी गेली आणि नाक्यावर कधी पोचली, यातला फरक म्हणजे थांबलेला वेळ. पण इथे एक धोका आहे. पत्रादेवीला वीस मिनिटं असं वाचून लोक सातार्डा-न्हयबाग, आरोंदा-किरणपाणी किंवा दोडामार्गच्या वाटेला लागतील. ते रस्ते गावांतून, शाळांवरून, वळणावळणाने जातात. मोबाइलवरचे नकाशे आजही लोकांना तिकडे पाठवतात. म्हणून फलकावर पर्यायी वाट फक्त लहान गाड्यांसाठी दाखवावी, मालगाड्यांना नाही, आणि कोणत्या वेळी दाखवायची नाही हे त्या गावांशी बोलून ठरवावं.

अडेल ते कुठे

सर्वांत मोठी अडचण दोन राज्यांची आहे. आदर्श व्यवस्थेत बांद्याच्या बाजूला एकदा वजन झालेला डंपर पत्रादेवीला पुन्हा काट्यावर जाणार नाही, वजनाची नोंद दोघांना दिसेल. त्यासाठी दोन वाहतूक खात्यांत करार हवा: कोणाचं वजन कोणी मानायचं, दंड कोणी घ्यायचा, यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोणाची. देशात आरटीओ नाके बंद करायची दिशा आधीच ठरलेली आहे. गुजरातने ते नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद केले, मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून. पण नाका बंद करून त्याच्या जागी फिरती पथकं रस्त्यात कुठेही गाडी अडवू लागली तर चालकाच्या दृष्टीने काहीच सुधारलं नाही, फक्त थांबायची जागा अनिश्चित झाली. म्हणून पथकालाही तीच यादी, तोच टॅब हवा, आणि प्रत्येक थांबवण्याची वेळेसह नोंद हवी. या नोंदीमुळे आणखी एक गोष्ट साधेल. गाडी का थांबवली याचं कारण लिहावं लागलं, की विनाकारण थांबवणं आपोआप कमी होतं. चालकांना सगळ्यांत जास्त हवं असलेलं तंत्रज्ञान बहुधा हेच आहे.

नेटवर्कचा भरवसा धरू नये. गर्दीच्या संध्याकाळी मोबाइल डेटा सर्वांत आधी मंदावतो. सोडायच्या आणि अडवायच्या नंबरांची ताजी प्रत नाक्यावरच्या संगणकात असली पाहिजे, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालेल. ओळख न पटलेल्या गाडीला गुन्हेगार समजायचं नाही, हाही नियम आधीच लिहून ठेवावा. चिखलाने माखलेली प्लेट, हौसेने रंगवलेले आकडे, पावसात धुकटलेली काच, यांमुळे चुका होणारच.

कॅमेऱ्यावरून दंडाचं चलन काढण्यासाठी कायद्याची चौकट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याखालचे नियम. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायचं, कॅमेरा असल्याचा फलक हवा, नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी. गोव्याने पणजीजवळच्या मेरशीला २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सिग्नल बसवला, त्यामुळे हे क्षेत्र राज्याला परकं नाही. पण सीमेवरचा कॅमेरा चौकातल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त काही सांगतो. बांद्याचा मुलगा रोज किती वाजता गोव्यात जातो आणि कधी परततो, कोणत्या दिवशी परतला नाही, हे त्यात साठत राहतं. कोणतीही त्रुटी नसलेल्या गाडीची नोंद थांबायच्या वेळेचा हिशेब झाला की पुसली जावी, नंबर काढून फक्त आकडे ठेवावेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण त्याच्या भरवशावर न राहता ही मुदत करारातच लिहिलेली बरी.

आता सुरुवात कुठून. मी पहिला खर्च बाजूच्या जागेवर आणि रुग्णवाहिकेच्या मार्गिकेवर करेन, दुसरा मोजणीवर. सध्या पत्रादेवीला सरासरी किती थांबावं लागतं याचा विश्वासाने सांगता येईल असा आकडा लोकांसमोर नाही, आणि तो नसेल तर पुढे बसवलेल्या यंत्राने काय साधलं हे कुणाला सांगता येणार नाही. दोन वाचक आणि एक कॅमेरा एवढ्यावर मोजणी सुरू होते. यंत्रं डिसेंबरच्या तोंडावर, घाईघाईत बसवू नयेत. ती मे महिन्यात बसवावीत, म्हणजे जून-जुलैच्या पावसात त्यांची खरी परीक्षा होईल, प्लेट कुठे वाचता येत नाही आणि वीज गेल्यावर किती वेळ तग धरतात हे कळेल, आणि चतुर्थीला मुंबईकर चाकरमानी उतरायला लागतील तेव्हा त्यातल्या चुका दुरुस्त झालेल्या असतील. चतुर्थी निभावली तर वर्षअखेरीच्या गर्दीसाठी आणखी तीनेक महिने हातात राहतात. पोळे आणि मोलेच्या नाक्यांचा विचार त्यानंतर करावा. तिथली रहदारी वेगळी आहे आणि पलीकडे कर्नाटक आहे, त्यामुळे करारही वेगळा करावा लागेल.